रिपोर्ट खरा, बाई खोटी

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं कधीच जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, ही त्यांची तळी उचलतेय. माझा तसला काही विचार नाही. बाई मुळातच भांडखोर. वीजमीटर वाचायला येणारा माणूस, शेजारचा शिंपी, भाजीवाली, स्वतःचा नवरा, प्रत्येकाशी त्यांचं एकेक भांडण कायम चालू असायचं, आणि चुकून एखादं मिटलंच तर त्यांना करमायचं नाही. मी त्यांच्याच दुकानात केस धुवायच्या आणि रंग कालवायच्या कामाला होते. त्यामुळे घरचं आणि दारचं, दोन्ही माझ्या वाट्याला यायचं.

दुकान बायकांचे केस कापायचं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात मान मागे टाकून केस धुवायचं बेसिन, आणि फळीवर जाऊबाईंनी स्वतः कालवलेल्या तेलाच्या बाटल्या. दारावर पाटी होती, पण खरी पाटी बाईंच्या डोक्यावर होती. पन्नाशी उलटली तरी कमरेखाली जाणारी, मनगटाएवढी जाड वेणी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी आरशातून त्या वेणीकडे बघायचं आणि मग विचारायचं, "मॅडम, तुम्ही केसांना काय लावता हो?"

"आपलंच तेल," जाऊबाई म्हणायच्या. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण केर मी काढायची आणि ड्रॉवर मी आवरायची. तेल काही वाईट नव्हतं, पण वेणी तेलाच्या जिवावर वाढलेली नव्हती. आम्हाला शाम्पू आणि रंग पुरवणारा घाऊक दुकानदार केस-नखांच्या गोळ्या ठेवायचा, जबर ताकदीच्या. जाऊबाई सकाळ-दुपार-संध्याकाळ त्यातली एकेक चहाबरोबर गिळायच्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. कात्री, कंगवा, रंगाची नळी, तसाच तो डबा, म्हणजे धंद्यातला माल. फक्त कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, एवढंच. त्यांच्या नवऱ्यालाही पत्ता नव्हता.

माझे थोरले दीर शाळेची बस चालवायचे. त्यांच्या कंपनीनं एकदा सगळ्या ड्रायव्हरांची आणि त्यांच्या बायकांची रक्ततपासणी करून दिली. दिरांचं रक्त त्यांच्यासारखंच निरुपद्रवी निघालं. जाऊबाईंच्या कागदावर मात्र थायरॉईडचे सगळे आकडे ठळक अक्षरांत छापून आले, काही नको तितके वर, एक नको तितका खाली. कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. दिरांना सुट्टी नव्हती, म्हणून सोबतीला मी.

डॉक्टर तरुण, टापटीप, गळ्यात निळा टाय. पहिल्याच भेटीत जाऊबाईंनी त्यांचं नाव 'टायवाला' ठेवलं आणि तेच शेवटपर्यंत राहिलं. डॉक्टरांनी कागद घेतला, कॉम्प्युटरकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. आमच्याकडे बघायचं राहून गेलं.

"वजन कमी झालंय?"

"वाढलंय."

"छातीत धडधड? घाम? हात कापतात?"

"माझे हात कापले तर गिऱ्हाइकाचा कान जाईल, डॉक्टर."

"बाकी कुठली औषधं चालू आहेत?"

"एकही नाही," जाऊबाई ताठ मानेनं म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे वटारले. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"गळ्यात एक ग्रंथी असते," डॉक्टर कॉम्प्युटरलाच समजावत असल्यासारखे म्हणाले. "तुमची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करतेय. तिला लगाम घालू. सुरुवातीला काही जाणवत नाही, पण रिपोर्टमध्ये सगळं दिसतं." आणि गोळ्या लिहून दिल्या.

रस्त्यात जाऊबाई म्हणाल्या, "जास्त काम करतेय म्हणे! आपल्या घरात कुणीतरी करतंय, हेच पुष्कळ झालं." हा टोमणा मला होता. मी तो खाली पडू दिला.

महिना-दीड महिना बरा गेला. मग कंगव्यात केस यायला लागले. आधी दोनचार, मग झुबके. बेसिनच्या जाळीत गिऱ्हाइकांच्या आखूड केसांबरोबर एक लांब गुंता सापडायचा आणि तो कुणाचा हे विचारायची सोय नव्हती. जाऊबाईंनी एका हातानं टायवाल्याला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या हातानं केसांच्या गोळ्या दुप्पट केल्या. केस वाढवायचा तेवढाच एक रस्ता त्यांना माहीत होता. दुसऱ्या तपासणीत आकडे पहिल्यापेक्षा वाईट आले. टायवाल्यानं त्याच्या गोळ्या दुप्पट केल्या. इकडून ह्यांचं वाढायचं, तिकडून त्याचं वाढायचं, आणि मध्ये बाई भरडल्या जायच्या. केस का गळतात म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "ह्या आजारात गळतातच."

आता आजार आधी आला की औषध, हे मला कळत नव्हतं. मी काही शिकलेली नाही, आणि शिकलेल्यांना अक्कल शिकवायचा मला शौकही नाही. पण मला डोळे होते. बाईंचा चेहरा सकाळी सुजलेला असायचा. आवाज जाड झाला, घोगरा. रस्त्यावरून माणसं शर्टाची बटणं सोडून जायची आणि ह्या स्वेटर घालून दुकानात. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं भांडण संपलं. मीटरवाला आला, दाराची काच आपटून गेला, आणि जाऊबाई नुसत्या "हं" म्हणाल्या. त्या दिवशी मी खरी घाबरले.

मग ते बँकेत नोकरीला असलेल्या एका गिऱ्हाईकबाईंचं झालं. त्यांना हलका तपकिरी रंग हवा होता. मी तो कालवून दिला आणि माल आणायला घाऊक दुकानात गेले. जाऊबाईंनी तो लावला, घड्याळाकडे बघितलं, शेजारच्या खुर्चीत टेकल्या आणि झोपल्या. बँकेतल्या बाई मासिक वाचत होत्या, त्यांनाही कळलं नाही. मी परत आले तर जाऊबाई घोरताहेत आणि बँकेतल्या बाईंच्या डोक्यावर डांबर. त्यांनी आरशात बघून जी किंकाळी फोडली, ती शिंप्याच्या दुकानापर्यंत गेली. एरवी जाऊबाईंनी चोराच्या उलट्या बोंबा मारून त्यांनाच दोषी ठरवलं असतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "चुकलं माझं." इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले आणि मला ते अजिबात आवडले नाहीत.

तिसऱ्या वेळी आम्ही टायवाल्याकडे गेलो तेव्हा मात्र त्यांच्यात कुठून तरी जुना जोर आला.

"डॉक्टर, तुमचा कागद म्हणतो माझी ग्रंथी पळत सुटलीय. मग मी का झोपून असते? पळणाऱ्याला घाम येतो. मी भर उन्हात स्वेटर घालतेय. आवाज ऐका माझा. हा बाईमाणसाचा आवाज आहे का?"

"वय झालं की असं थोडंफार होतं."

"तीन महिन्यांपूर्वी मला वय नव्हतं?"

"बाई, रिपोर्ट खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?"

डॉक्टरांनी पुन्हा कागदात डोकं घातलं, आणि त्यातच उत्तर आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गंमत अशी की बाई खोटं बोलत होत्याच, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. पण थंडी वाजते हे काही त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हाताला हात लावला असता तर बर्फासारखा लागला असता. टेबल काही एवढं रुंद नव्हतं.

"एवढा डोस देऊनही आकडे खाली येत नाहीत," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ग्रंथी हट्टी आहे. पुढच्या महिन्यात किरणोत्सारी आयोडीन देऊ. एकदाच प्यायचं. ग्रंथी आपोआप जळून जाते. मग रोज एक साधी गोळी, आयुष्यभर. कायमची कटकट मिटली."

"जळून जाते?"

"हो. परत त्रास नाही."

"परत ग्रंथीही नाही."

डॉक्टर पहिल्यांदा हसले, आणि न हसते तर बरं झालं असतं. "तुमचा विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवा. गिऱ्हाईक तुम्हाला शिकवतं का, केस कसे कापायचे?"

"रोज शिकवतं," जाऊबाई म्हणाल्या. "आणि मी ऐकते. डोकं तिचं असतं."

दार आपटून आम्ही बाहेर आलो. खरं तर ते दार आपटणारं नव्हतं, हळूहळू आपोआप बंद होणारं होतं, त्यामुळे तेवढंही सुख मिळालं नाही. बाहेरच्या काउंटरवर जाऊबाई थांबल्या आणि त्या आयोडीनसाठी पुढच्या महिन्यातली तारीख घेतली.

त्यांच्या मनात आता एकच शंका घट्ट बसली, रक्त बदललं असणार. कुणा भलत्याच बाईचं रक्त त्यांच्या नावावर गेलंय, रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी म्हटलं, तीनदा कसं बदलेल? त्या म्हणाल्या, "मूर्ख माणूस तीनदा तीच चूक करतो. तुझंच बघ." तर ठरलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला एक लॅब होती, तिथे स्वतःहून जायचं, टायवाल्याला न सांगता.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लावून प्लास्टिकच्या खुर्च्या, पडद्यामागे रक्त काढायची जागा, पण पडदा अर्धवट. जाऊबाईंनी डोक्याला स्कार्फ बांधला होता. आत शिरलो तर पहिल्याच खुर्चीत गावातल्या शाळेच्या हेडबाई. कित्येक वर्षांच्या गिऱ्हाईक. दर महिन्याला न चुकता तेलाची बाटली नेणार आणि आपल्या भाचीला, मावसबहिणीला, कुणाकुणाला पाठवणार.

"मॅडम, तुम्ही इथे?" हेडबाई म्हणाल्या.

"सहज," जाऊबाई म्हणाल्या, जणू लोक सहज रक्त द्यायला जातात.

रक्त काढणारी मुलगी वयानं लहान पण आवाजानं खणखणीत. दंडाला पट्टा बांधता बांधता ती तिचे ठरलेले प्रश्न विचारत होती, पाठ केलेल्या कवितेसारखे. "उपाशीपोटी का? थायरॉईडच्या गोळ्या घेता? केस-नखांच्या वगैरे गोळ्या घेता?"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

पडद्यापलीकडे हेडबाईंची खुर्ची कुरकुरली.

आता लोक मला विचारतात, तू तेव्हा का बोललीस. मला त्यांचा राग आला होता म्हणून, आणि मला त्यांची काळजी वाटत होती म्हणून. दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं. "घेतात," मी म्हटलं. "आधी दिवसाला तीन, आता सहा. कितीतरी वर्षं."

जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की हाताला पट्टा बांधलेला नसता तर माझा कान तिथेच लाल झाला असता. "हिचं डोकं फिरलंय," त्या मुलीला म्हणाल्या.

"मग तुमचं रक्त घेऊन उपयोग नाही," मुलीनं पट्टा सोडला. "त्या गोळ्यांमध्ये जे असतं ना, ते रक्तात फार झालं की आमचं मशीन फसतं. ठणठणीत माणसाचीसुद्धा ग्रंथी पळतेय असं दाखवतं. आठवडाभर त्या बंद करा आणि मग या. आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा. बाकी त्यांच्या गोळ्यांचं मी काही सांगू शकत नाही, ते त्यांनाच विचारा."

जाऊबाई तडक उठल्या. उठताना त्यांचा स्कार्फ खुर्चीच्या पाठीत अडकला आणि सुटला. ती मनगटाएवढी वेणी आता करंगळीएवढी उरली होती आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना कातडी दिसत होती. हेडबाईंनी बघितलं, आणि मग सभ्य बाईसारखं मोबाईलमध्ये तोंड घातलं.

रस्त्यावर आल्यावर माझा उद्धार सुरू झाला. मी घरभेदी, मी अस्तनीतला निखारा, माझ्या माहेरचे सगळेच चहाडखोर. "आज संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात होईल. मॅडमचं तेल खोटं, मॅडम खोटी. तुला काय, तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही, ताई. तुमचा गळा जातोय," मी ओरडले. रस्त्यावर ओरडले, लोकांनी वळून बघितलं. "तुम्हाला तेलाची पडलीय! तो माणूस तुमची चांगली ग्रंथी जाळायला निघालाय आणि काडी तुम्ही त्याच्या हातात देताय!"

त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. काम सांगायचं तर आरशाला सांगायच्या. "टॉवेल वाळलेत का कुणास ठाऊक." मीही आरशालाच उत्तर द्यायची. पण केसांच्या गोळ्यांचा डबा त्यांनी उचलून केराच्या डब्यात टाकला, माझ्या देखत, जोरात. हेडबाई त्या आठवड्यात आल्या नाहीत. फळीवरचं तेल हललं नाही.

आठवडा झाला, रक्त दिलं, रिपोर्ट आला. आकडे उलटे फिरले होते. जो जमिनीला टेकला होता तो आकाशाला, जे आकाशात होते ते जमिनीवर. लॅबच्या मुलीनं फक्त एवढंच म्हटलं, "आजच्या आज डॉक्टरांना दाखवा."

टायवाल्यानं कागद वाचला. मग पहिले तिन्ही कागद काढले, शेजारी शेजारी ठेवले, आणि परत वाचले. ह्या वेळी कॉम्प्युटरकडे बघितलं नाही.

"आता ग्रंथी मंद दिसतेय. फारच मंद," ते म्हणाले.

"कशानं?"

"आपल्या गोळ्यांनी."

"आपल्या नाही. तुमच्या."

मग जाऊबाईंनी केसांच्या गोळ्यांचं सांगितलं. मला वाटलं होतं आडवळणानं सांगतील, पण सरळ सांगितलं, किती, केव्हापासून, सगळं. डॉक्टरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बुडत्याला काडी सापडली. "बघा! मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही लपवलंत. मशीन फसलं त्यात माझा काय दोष?"

"लपवलं," जाऊबाई म्हणाल्या. "ते माझं. त्याची फेड माझी मी करते आहे, बघा." त्यांनी स्कार्फ सोडला. "पण थंडी वाजते, ते लपवलं होतं? झोप आवरत नाही, ते लपवलं? वजन वाढलं, आवाज बसला, चारचारदा सांगितलं. मशीन फसलं, ठीक आहे. मशीनला डोळे नसतात. माझ्या गळ्याला एकदा तरी हात लावलात?"

डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांनी ह्या बाईकडे त्या क्षणी पहिल्यांदा बघितलं. मग नजर काढून घेतली आणि लिहायला लागले. "माझ्या गोळ्या आजपासून बंद. केसांच्या तर नकोच. दीड महिन्यानं परत तपासू. ग्रंथी येईल हळूहळू ताळ्यावर. केसही येतील." त्यांनी कागद पुढे सरकवला आणि बेल वाजवली. पुढचा पेशंट दार ढकलून आत आला.

जाऊबाई उठल्या नाहीत.

"आणि पुढच्या महिन्यातला तो डोस मी प्यायले असते तर?"

"तो आता द्यायचा नाहीये. ती तारीख रद्द."

"ते मला कळलं. मी विचारतेय, प्यायले असते तर? मग आली असती का ग्रंथी ताळ्यावर?"

पेशंट दारात अवघडून उभा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, उचललं. मी म्हटलं, ताई, चला. त्यांनी मला हातानं गप्प केलं. इतकी वर्षं मी त्यांना भांडताना बघितलंय, आवाज चढवून, हातवारे करून. असं शांत बसून भांडताना कधीच बघितलं नव्हतं.

"नसती आली," डॉक्टर म्हणाले.

"कधीच?"

"कधीच नाही."

"हां," जाऊबाई म्हणाल्या आणि उठल्या.

जिन्यात त्या अर्ध्यावर थांबल्या. मला वाटलं धाप लागली. "तू मला चारचौघांत उघडं पाडलंस," त्या म्हणाल्या. "ते मी माफ केलेलं नाही."

"नका करू," मी म्हटलं.

त्या पायरीवरच बसल्या. वरून माणसं उतरत होती, खालून चढत होती, आम्हाला वळसा घालून जात होती. "मी त्याच्याशी एवढी भांडले," त्या म्हणाल्या, "पण त्याची एकही गोळी चुकवली नाही गं. डबा फेकला त्या आठवड्यातसुद्धा नाही. घड्याळ लावून घेत होते. तोंडानं नाही-नाही म्हणत होते, आणि तारीख माझी मीच मागून घेतली." आणि त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, त्या घोगऱ्या आवाजात. "तू बोलली नसतीस ना, तर त्याच्याशी भांडत भांडत मी ते प्यायले असते."